बंद कवटीतली सूज

हाताला मार लागला की हात सुजतो आणि काही दिवसांत सूज ओसरते. मेंदूची सूज मात्र जीव घेऊ शकते, कारण मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. तिच्यात सुमारे ८० टक्के जागा मेंदूची. उरलेली रक्ताची आणि मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाची. मेंदू फुगू लागला की आधी हा द्रव आणि शिरांतले रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो.

आता एक वजाबाकी करू. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतला दाब १० असेल, तर मेंदूत रक्त ढकलायला ८० उरतात. कवटीतला दाब ४० झाला तर उरतात फक्त ५०, आणि ते पुरत नाहीत. म्हणून हा दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरपुढे गेला की डॉक्टर तो उतरवू लागतात.

रुग्णाचे डोके ३० अंश उंच आणि मान सरळ ठेवली की शिरांतले रक्त सहज खाली उतरते. शिवाय शिरेतून मॅनिटॉल किंवा मिठाचे तीव्र द्रावण देतात. बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवून आपण वर्गात परासरण दाखवतो, तेच हे! मॅनिटॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून मेंदूत सहज शिरत नाही, पाणी मात्र ये-जा करते. ते मेंदूतून रक्तात ओढले जाते. एवढ्यानेही भागले नाही तर कवटीचा तुकडा काढतात. त्याने जीव वाचतात, पण वाचलेल्यांपैकी काही कायमचे परावलंबी होतात.

मग स्टेरॉइड का नाही? मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज त्याने उतरते. म्हणून दुखापतीतही ते अनेक वर्षे दिले गेले. हा तर्क मला आजही चुकीचा वाटत नाही. पण ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत १०,००८ जखमींपैकी निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन आणि निम्म्यांना औषध नसलेले द्रावण दिले. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, इतरांपैकी १७.९ टक्के. २००४ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. गाठीभोवतीच्या सुजेवर मात्र स्टेरॉइड आजही देतात: तिथे मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपत असतो, दुखापतीत मेंदूच्या पेशी स्वतःही फुगतात.