रिकामी स्टेडियम्स आणि टिपररीची जुनी जर्सी

मागच्या भागात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगचे नियम बघितले, आज त्यांचा २०२० चा सीझन. आयर्लंडचे हे खेळाडू हौशी, पगार नाही, सोमवारी सगळे आपापल्या नोकरीवर. मार्चमध्ये कोविडमुळे सगळं थांबलं. उन्हाळ्यात आधी क्लबच्या मॅचेस उरकल्या, आणि काउंटींची चॅम्पियनशिप गेली थेट ऑक्टोबर ते डिसेंबर. हर्लिंगमध्ये हरलेल्यांना अजून एक चान्स होता. फुटबॉलमध्ये मात्र सरळ नॉकआउट, हरलात की घरी!

आणि इथेच गंमत झाली. २२ नोव्हेंबरला टिपररीने कॉर्कला हरवून मन्स्टर प्रांत जिंकला, १९३५ नंतर पहिल्यांदा. अंगात पांढरी-हिरवी जर्सी, १९२० ची आठवण म्हणून. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये टिपररीची मॅच चालू असताना ब्रिटिश सुरक्षा दलांनी गोळीबार केला होता. १४ जण गेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन. त्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. त्याच रविवारी कॅव्हनने अल्स्टर जिंकलं आणि सेमीफायनलला आले डब्लिन, मेयो, कॅव्हन, टिपररी. १९२० मध्येही हेच चार! अशी स्क्रिप्ट कुणी पास केली नसती.

पण ८५ वर्षांनी जिंकले, आणि स्टँडमध्ये टाळ्या वाजवायला गावचं कुणी नाही. टिपररी पुढे मेयोकडून हरली. १९ डिसेंबरला डब्लिनने सलग सहावं विजेतेपद घेतलं, तेही ८२ हजारांच्या रिकाम्या क्रोक पार्कमध्ये.