लेप्टोने माणूस दगावतो, उंदीर का नाही?

पाऊस लागला की रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणी सुरू होते आणि लेप्टोस्पायरोसिसची धास्तीही. बाधित उंदराच्या लघवीतून मळसूत्रासारखे जिवाणू खाचरातल्या चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, कापलेल्या जागेतून किंवा डोळ्यांतून माणसाच्या अंगात शिरतात. वाशिष्ठीने २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडवलं, तशा पुरानंतर हा धोका आणखी वाढतो.

‘गावात मेलेले उंदीर दिसले नाहीत, म्हणजे भीती नाही,’ असं अनेकांना वाटतं. हा हिशेब प्लेगचा. प्लेगमध्ये आधी उंदीर पडतात. लेप्टोचे जिवाणू मात्र उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत महिनोन्महिने मुक्काम करतात आणि उंदीर धडधाकट फिरत राहतो.

जो जिवाणू माणसाचं मूत्रपिंड आणि यकृत निकामी करू शकतो, तो उंदराला जड का जात नाही? याच्या उत्तराचा एक मोठा भाग उंदरांच्या जनुकांच्या अभ्यासातून मिळाला. त्याची सुरुवात लेप्टोपासून झालीच नव्हती.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत सी३एच/एचईजे नावाचा उंदरांचा वाण आहे. काही जिवाणूंच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य असतं. ते पुरेशा मात्रेत टोचलं की इतर उंदीर तीव्र दाहाने मरतात, पण या वाणाचे उंदीर तगतात. कारण शोधण्यासाठी डॅलस इथे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने अशा उंदरांचे इतरांशी संकर केले, पिलांची एकेक करून तपासणी केली आणि १९९८ मध्ये ते टीएलआर-४ या जनुकापर्यंत पोचले. या जनुकाच्या प्रथिनात ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आलं होतं. एवढ्या एका बदलाने पेशींना जिवाणूची चाहूलच लागत नव्हती. बॉयटलर २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

इथे आपला सर्वांत घट्ट गैरसमज समोर येतो: ‘सूज आणि ताप हाच रोग, तो दाबला की माणूस बरा.’ तसं असतं तर दाहच न होणारे हे उंदीर सर्वांत सुखी असायला हवे होते. प्रत्यक्षात जिवंत साल्मोनेला जिवाणू थोडेसे दिले तरी ते मरतात, कारण वेळेवर इशारा न मिळाल्याने जिवाणू मोकाट वाढतात. लेप्टोच्या बाबतीतही तेच दिसलं. साधा प्रौढ उंदीर संसर्ग पचवतो, पण टीएलआर-४ निकामी असलेले कोवळ्या वयाचे उंदीर दगावतात. वेळेवर आणि मापात झालेला दाह जीव वाचवतो. उशिरा आणि बेसुमार झालेला जीव घेतो.

मग माणसाचं काय? आपल्याकडेही टीएलआर-४ आहे. पण पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की लेप्टोचं लिपोपॉलिसॅकराइड उंदराच्या टीएलआर-४ ला ओळखू येतं, माणसाच्या टीएलआर-४ ला येत नाही. हे एकच कारण नसलं, तरी फरक मोठा आहे.

‘उंदीर वेगळा, माणूस वेगळा, मग या प्रयोगांचा उपयोग काय?’ या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. टीएलआर-४ अडवणारं एरिटोरान हे औषध मोठ्या आशेने तयार झालं, पण गंभीर सेप्सिसच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तो निकाल २०१३ मध्ये आला. दाहाच्या बाबतीत उंदीर माणसाशी फारसा जुळत नाही, असं सांगणारा गाजलेला शोधनिबंधही त्याच वर्षीचा. २०१५ मध्ये इतर संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या रीतीने तपासून उलट निष्कर्ष काढला. वाद संपलेला नाही. माझ्या मते उंदरावरून माणसासाठी थेट औषध ठरवणं चूक आहे, पण दोघांतला फरक नेमका कुठे आहे हे शोधणं अत्यंत मोलाचं आहे. लेप्टोचं कोडं त्या फरकामुळेच उलगडू लागलं.

प्रयोगशाळेतले हे उंदीर घरातून पकडलेले नसतात, हेही सांगायला हवं. किमान वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून ते जवळपास एकसारखे केलेले असतात. म्हणून एका जनुकाचा परिणाम वेगळा काढता येतो.

लेप्टोच्या बाबतीत आपल्या शरीराचा इशारा कमी पडतो, म्हणून उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. लावणीच्या दिवसांत अचानक ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर वेदनाशामक गोळीवर दिवस काढू नका, ती मूत्रपिंडालाही बाधू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी चिखलात काम केलं आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. डॉक्सिसायक्लीन, पेनिसिलीन ही जुनी, स्वस्त औषधं सुरुवातीलाच दिली तर उत्तम काम करतात.