‘इंग्लिशर’ : एका लुप्त संज्ञेचा विचार

परभाषेतील ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्यास इंग्रजीत एके काळी ‘इंग्लिशर’ म्हणत. आज कोशांत या अर्थापुढे ‘जुनाट’ अशी खूण आढळते. स्कॉटलंडकडील प्रयोगात हाच शब्द ‘इंग्रज मनुष्य’ या अर्थाने येतो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. शब्द लहान असला तरी भाषांतरविषयक एक दृष्टी त्यात साठवलेली आहे. तिचा विचार करणे हाच या टिपणाचा उद्देश होय.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘इंग्लिश’ हे भाषेचे नाव आधी क्रियापद झाले आणि त्यास कर्तृवाचक प्रत्यय लागून ही संज्ञा सिद्ध झाली. ‘इंग्रजीत आणणे’ या अर्थाचे हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विक्लिफच्या अनुयायांच्या लेखनात आढळते. त्याच्या शेजारी ‘ट्रान्स्लेट’ हा लॅटिन मूळचा शब्द ठेवला म्हणजे भेद स्पष्ट होतो. ‘ट्रान्स्लेट’चा मूळ अर्थ पलीकडे वाहून नेणे. त्यात माल तोच राहतो आणि तो कोणत्या तीरावर उतरावयाचा याचा निर्देश नसतो. उलट ‘इंग्लिश करणे’ या प्रयोगात गंतव्य भाषा क्रियेतच सामावलेली आहे आणि आणलेल्या वस्तूचे रूप पालटणार हेही त्यात गृहीत आहे. जर्मन भाषेतील ‘फेअरडॉइचेन’ हे क्रियापद याच जातीचे होय.

ही क्रिया आरंभी निर्धोक नव्हती. आर्चबिशप अरुंडेल याने १४०९ मध्ये जारी केलेल्या नियमांनुसार धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून बायबलमधील वचने इंग्रजीत उतरविण्यास मनाई झाली. टिंडल यास आपला ‘नवा करार’ १५२६ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे छापावा लागला. १५३६ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून त्यास देहान्ताची शिक्षा झाली. लोकभाषेत ग्रंथ आणणे म्हणजे ज्ञानावरील अधिकाराची वाटणी करणे, हे सत्ताधाऱ्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे एलिझाबेथच्या काळात व त्यानंतर या कार्यास प्रतिष्ठा लाभली. टॉमस नॉर्थ याने प्लूटार्कची चरित्रे १५७९ मध्ये इंग्रजीत आणली, तीही मूळ ग्रीकवरून नव्हे, तर आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून. मूलनिष्ठेच्या आजच्या कसोटीस हा ग्रंथ उतरणार नाही. तथापि शेक्सपियरच्या रोमन नाटकांस सामग्री पुरविली ती त्यानेच. शेक्सपियरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉल्स्टाफ एका स्त्रीच्या हावभावांचा अर्थ लावताना हेच क्रियापद योजतो, यावरून ते बोलण्यात किती रुळले होते हे दिसते. जॉर्ज सँडिस याने ओव्हिडच्या महाकाव्याचे भाषांतर १६२६ मध्ये पूर्णतः प्रसिद्ध केले, तेव्हा ‘इंग्लिश केलेला’ हे विशेषण त्याने ग्रंथनामातच घातले. त्यातील काही भाग त्याने अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत रचला होता.

मग ही संज्ञा मागे का पडली? एक कारण भाषेच्या बदललेल्या स्थितीत शोधता येईल. ग्रीक-लॅटिनच्या तुलनेत आपली भाषा उणी आहे अशी जाणीव होती, तोवर बाहेरचे धन घरात आणणे हा पराक्रम होता. पुढे भाषा समृद्ध झाली आणि चर्चेचा रोख भाषांतराच्या पद्धतीकडे वळला. ड्रायडन याने १६८० मध्ये शब्दशः भाषांतर, भावानुवाद आणि अनुकरण असे तीन प्रकार मानले. या वर्गीकरणास सर्व भाषांस लागू पडणारी तटस्थ संज्ञाच सोयीची होती.

मराठीच्या अभ्यासकांस ही हकीकत अपरिचित वाटू नये. संस्कृतातील अर्थ देशी भाषेत आणण्याचा ज्ञानेश्वरांचा अभिमान आणि एकनाथांच्या भागवतटीकेस काशीत झालेल्या विरोधाची परंपरागत कथा या त्याच जातीच्या घटना आहेत. आपले रूढ शब्द मात्र निराळे आहेत. ‘अनुवाद’ म्हणजे मागाहून बोलणे, तर ‘भाषांतर’ म्हणजे दुसरी भाषा. पहिल्यात मूळ वक्त्याचे अग्रत्व आहे, दुसऱ्यात केवळ पालट. कोणती भाषा, याचे उत्तर दोहोंत नाही. ‘इंग्लिशर’ या शब्दात ते होते. भाषांतरकार मूळ ग्रंथाचा ऋणी असतो, हे सर्वमान्य आहे. ज्या भाषेत तो लिहितो तिच्याशीही तो तितकाच बांधलेला असतो, याचे स्मरण हा लुप्त शब्द करून देतो. भाषांतराचे परीक्षण करताना आपण मूळाशी ताळा पाहतो, तसाच हा दुसरा ताळाही पाहिला पाहिजे.