शाळेतले भाषा मंडळ

इंग्लंडातल्या मुलांची भाषा इंग्रजी. ती जगात पुष्कळ ठिकाणी चालते. मग त्यांनी दुसरी भाषा कशाला शिकावी? असे तिथेही बरेच जण म्हणतात. 2004 सालापासून तिथे 14 वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषा शिकण्याची सक्ती राहिली नाही. शिकणारी मुले घटली.

तरी काही शाळांत भाषा मंडळ असते. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश शिकणारी मुले वर्षभर अधूनमधून जमतात. कधी पाहुणा बोलतो, कधी मुलांपैकीच कुणी. पुस्तकात व्याकरण असते. व्याख्यानात त्या देशाची माणसे कळतात. शब्द देशोदेशी कसे हिंडतात तेही कळते. आपलेच पाहा ना! चावी, पाव, बटाटा हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले.

मंडळात परीक्षा नाही, सक्ती नाही. गोडी आहे म्हणून मुले येतात. म्हणून तर शिकलेले टिकते.

तुम्हालाही वर्गाला कुणी ओढून आणले नव्हते. आता वर्ग संपेल. पण वाचत राहिले नाही तर अक्षर विसरते. म्हणून आम्ही सांगतो, महिन्यातून एक रात्र चावडीवर जमा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि विचारावे.