बोंडाच्या आत घडलेली उत्क्रांती

डोमकळी ही गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. पऱ्हाटीचे फूल उमलत नाही. अळीने पाकळ्या रेशमी धाग्याने आतून बांधून टाकलेल्या असतात. पुढच्या पिढीतली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि आत शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते. फोडले की सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली.

नागपूर जिल्ह्यात सावनेर-काटोलची बाजू पऱ्हाटीची. या पट्ट्यात बीटी कापूस आला तो 2002च्या मंजुरीनंतर. मातीतल्या एका जिवाणूचे, अळीला मारणारे विष तयार करणारे क्राय1एसी हे जनुक त्यात घातलेले होते. 2006मध्ये क्राय2एबी या दुसऱ्या जनुकाची जोड मिळाली. तरीही दशकभरात गुजरातेत अळी आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या विषाला पुरून उरली. 2017च्या हंगामात विदर्भाला त्याचा जबर फटका बसला.

‘अळीला विषाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. एकाही अळीने आपल्या हयातीत काही कमावले नाही. क्राय1एसी विष अळीच्या आतड्यातल्या पेशींवरील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते, तेव्हाच ते मारक ठरते. कॅडहेरिनच्या जनुकात डीएनएची अक्षरे बदलली वा गळाली, की प्रथिन बिघडते आणि विषाला धरायला जागा उरत नाही. असे बदल डीएनएची नक्कल होताना आपोआप घडतात, फवारणी वा बियाणे पाहून नव्हे. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिनचे हे जनुक एकाच नव्हे, अनेक तऱ्हांनी मोडलेले आढळले. एकच वाट निसर्गाने पुन्हापुन्हा शोधली, ही यातली सर्वांत विलक्षण बाब.

हे बिघडलेले जनुक अप्रभावी असते. आई आणि बाप दोघांकडून आले तरच अळी वाचते. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एकच सापडेल. तिच्या पतंगाला शेजारच्या बिगर बीटी ओळींतला साधा जोडीदार मिळाला, तर पिल्लांकडे एकेकच बिघडलेली प्रत येते आणि बीटी बोंडात ती मरतात. यासाठीच बीटीच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी दिली जाई. ती फारशी पेरली गेली नाही. साधे पतंग उरले नाहीत, वाचलेल्यांची जोडी वाचलेल्यांशीच जुळली आणि दुर्मीळ प्रत झपाट्याने वाढली. अमेरिकेतल्या अॅरिझोनात अशा बिगर बीटी आश्रयाच्या ओळी जपल्या गेल्या, पुढे वांझ पतंगही सोडले गेले. 2018मध्ये तिथे ही कीड संपल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे फरदडीनेही भर घातली. डिसेंबरनंतर ओलित करून उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीवर अळीच्या आणखी पिढ्या निघतात आणि प्रत्येक पिढी त्याच विषाच्या चाळणीतून जाते. वेळेत पऱ्हाटी उपटली, की अळीचे खाणे तुटते आणि चाळणीचे हे फेरेही थांबतात.