मोतीच्या पोटात काय गेलं?

मुलांनो, एक कोडं घालते. मोठ्या माणसाला दात ३२, तर मोठ्या कुत्र्याला किती? वर्गात हा प्रश्न विचारला की कोणी वीस सांगतं, कोणी पन्नास. बरोबर उत्तर आहे ४२!

पण एवढे दात असूनही कुत्रा आपल्यासारखं चावून चावून खात नाही बरं का. आपल्या दाढा जात्यासारख्या घास दळतात. त्याच्या दाढा कात्रीसारख्या. तुकडा तोडायचा नि गटकन गिळायचा! तोंडात काय आलं हे नीट कळायच्या आत ते पोटात पोचलेलं असतं. आणि तिथंच घात होतो.

आपल्या वऱ्हाडात अशा घाताला निमित्तं कमी नाहीत. अक्षय तृतीया आली की घरोघरी आमरस आणि अंगणात कोयांचा ढीग. कोय गोड, वरून बुळबुळीत. समजा, तुमच्या मोतीनं ती तोंडात धरली, की सरकलीच घशाखाली! पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेलात की भाजलेला भुट्टा खाता ना? दाणे तुम्ही खाता, पण उरलेलं कणीस कुठं टाकता? संक्रांतीचा मांजा, आईच्या शिवणातला सुई-दोरा, किराण्याची सुतळी, रबरी चेंडू, पायमोजा, खेळण्यातला चपटा सेल, यांतलं काहीही मोतीच्या पोटात जाऊ शकतं. पिल्लं तर याबाबतीत फारच खोडकर. तीन ते सहा महिन्यांच्या वयात त्यांचे दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या शिवशिवतात, मग दिसेल ते चावायचं.

आता पोटात काय होतं ते पाहू या. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल मोठं तेज. कच्च्या हाडाचा तुकडाही ते बऱ्याचदा विरघळवतं. पण कोय, रबर, प्लास्टिक यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. जठर पिशवीसारखं ऐसपैस असतं. त्यात कोय कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे गुपचूप पडून राहते. मग एक दिवस ती पुढे सरकते आणि अरुंद आतड्यात बूच बसावं तशी अडकते. मागून येणारं अन्नपाणी तुंबतं आणि उलटी होऊन बाहेर पडतं. जिथं कोय रुतली तिथं आतड्याचा रक्तपुरवठा बंद होतो. तो भाग मरतो, त्याला भोक पडतं आणि सगळ्या पोटात विष पसरतं. वेळेवर उपाय झाला नाही, तर कुत्रा वाचत नाही.

दोऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. पायजम्यात नाडी घातलीत ना कधी? नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं? दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं, की अगदी तसंच होतं. आतडं चुण्या पडून दोऱ्यावर गोळा होतं आणि ताणलेला दोरा करवतीसारखा त्याला कापतो. म्हणून मोतीच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढायचा नाही! तसंच ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं.

मोतीला बोलता येत नाही. पण त्याचं अंग बोलतं. पुन्हा पुन्हा उलट्या, प्यालेलं पाणीही न टिकणं, आवडत्या भाकरीकडे पाठ फिरवणं, सारखी लाळ, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं. यांतलं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

घरगुती उपाय तर नकोच नको. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये. तेवढं मीठच विषासारखं बाधू शकतं. सुई किंवा टोकदार हाड उलटून वर आलं, तर घसा फाडतं. चपटा सेल तर आतली त्वचा काही तासांतच भाजून काढतो.

पशुवैद्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : काय गिळलं? केव्हा गिळलं? पहिल्या एक-दोन तासांत वस्तू बहुधा जठरातच असते. ती टोकदार किंवा भाजणारी नसेल, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. कधी दुर्बिणीच्या नळीनंही ती काढता येते. आतड्यात शिरली, की मग पोट उघडावं लागतं.

तुम्ही म्हणाल, एक्स-रेत दिसेलच की! जर्मनीच्या राँटजेन यांनी १८९५ साली लावलेला हा शोध मोठा खरा. पण त्यात सुई, नाणं, हाड ठळक दिसतं, तर कापड, प्लास्टिक, दोरा सहसा दिसत नाही. तिथं सोनोग्राफीची मदत घ्यावी लागते, आणि त्याहून मोठी मदत असते घरातल्या साक्षीदाराची.

हा साक्षीदार कोण? बहुतेक वेळा तुम्हीच! चेंडू कोणी फेकला, मोजा कुठं पडला होता, हे तुम्हालाच ठाऊक असतं. पण रागावतील म्हणून मुलं गप्प राहतात आणि तिकडे मोतीचे मोलाचे तास निघून जातात. तेव्हा बोला, लगेच बोला. चेंडूचा उरलेला तुकडा, सेलचं रिकामं पाकीट सोबत न्या. पालकहो, तुम्हालाही विनंती. मुलानं खरं सांगितलं तर त्या क्षणी रागावू नका, आधी रिक्षा बोलवा. आज खरं बोलून मार मिळाला, तर उद्या धाकट्या बहिणीनं नाणं गिळलं तरी ते पोर तोंड उघडणार नाही.

आपल्याकडे डॉक्टरांची सोय आहे. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थाच आहे. पशुवैद्य झालेले डॉक्टर तिथं पुढचं शिक्षण घेतात. जवळच्या पशुवैद्यांचा फोन नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

मोतीला निदान तुम्ही तरी आहात. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोण? आपण उरलेलं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत भरतो, गाठ मारतो आणि उकिरड्यावर भिरकावतो. त्या मुक्या जिवाला गाठ सोडता येत नाही. तो अन्नासोबत पिशवीही गिळतो, आणि गायही तेच करते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली. पण उकिरडे पाहिलेत ना? याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात, १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. गावात पाऊल टाकलं की आधी ते हातात झाडू घेत, आणि जत्रेत मुक्या प्राण्यांचे बळी देऊ नका म्हणून लोकांना विनवत.

मग या रविवारी एक काम कराल? मोती जिथपर्यंत उडी मारतो, तिथपर्यंतचं घर त्याच्या उंचीवरून बघा. अगदी गुडघ्यांवर बसून! पलंगाखाली, शिलाई मशीनखाली, अंगणातल्या टोपल्याशी. काय काय सापडलं त्याची वहीत यादी करा आणि एकेक वस्तू जागेवर ठेवा. उरलेली भाकर द्यायची झाली, तर पिशवीतून काढून द्या. आणि आमरसाच्या दिवशी कोया झाकणाच्या डब्यात टाकायचं काम तुम्ही स्वतःकडे मागून घ्या!