दात काळा पडला, पण कीड थांबली

बचत गटाच्या मागच्या बैठकीत एका ताईनं आपल्या साडेचार वर्षांच्या लेकाची गोष्ट काढली. त्याच्या दोन दाढांना खोल कीड लागली आहे. दातांच्या डॉक्टरांनी चांदीचं औषध सुचवलं, पण दात काळा पडेल हेही सांगितलं. ताई म्हणाली, "काळे दात पाहून लोक काय म्हनतीन? दुधाचेच तं दात आहेत, पडून जातीन."

म्हणून आज या औषधाबद्दल बोलू.

त्याचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थोडक्यात एसडीएफ. यातली चांदी किडीचे जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला दात टणक करतं. मशीन नाही, सुई नाही. डॉक्टर दात पुसून कोरडा करतात, हिरडीला व्हॅसलीन लावतात आणि बारीक ब्रशनं औषध मिनिटभर किडीवर लावतात. जपानमध्ये ते पन्नासहून जास्त वर्षं वापरात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता काळ्या रंगाचं. फक्त किडलेला भाग काळा होतो, चांगला दात नाही. हा डाग जात नाही. पण काळा आणि टणक झालेला भाग म्हणजे तिथली कीड थांबली. खड्डा मात्र यानं भरत नाही. तो भरायचा, डाग झाकायचा, तर नंतर वरून सिमेंट भरता येतं. एकदा लावून भागत नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावं लागतं.

आणि दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात. साडेचार वर्षांच्या लेकरानं तोवर भाकर कशानं चावायची?

दुसरीनं विचारलं, "यवतमाळकडे फ्लोराइडच्या पाण्यानं दात-हाडं खराब होतात, मग हे काहून लावायचं?" प्रश्न रास्त आहे. ते पाणी वर्षानुवर्षं रोज पोटात जातं. हे औषध वर्षातून एक-दोनदा, थेंबभर, दातावर लागतं. तरीही ते डॉक्टरांनीच लावायचं, घरी आणून नाही.

हे औषध कुठं चालत नाही तेही ऐका. लेकरू रात्री दुखण्यानं उठतं, हिरडीवर पुवाची फोडी आहे किंवा गाल सुजला आहे, तर कीड नसेपर्यंत पोहोचली. तिथं मुळाचा उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. चांदीची ॲलर्जी, तोंडात जखमा, गरोदरपण असेल तर आधी सांगा. आणि दुखऱ्या दाढेत मिसरी-तंबाखू दाबू नका.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही तपासतं. तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा. अमरावती-अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा अमरावतीच्या दंत महाविद्यालयात गेलात, तर "एसडीएफ लावता का, आमच्या लेकराला चालेल का?" असं स्पष्ट विचारा.

आज रात्री जेवणानंतर मोबाइलच्या बॅटरीनं लेकरांच्या दाढा पाहा. तपकिरी खड्डा दिसला आणि अजून दुखत नसेल, तर हीच वेळ आहे. दुखेपर्यंत थांबलो, तर हे सोपं औषध हातचं जातं.